खरवस आधी की वासरू?

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांत खरवसाला गिऱ्हाईक सहज मिळते. त्यामुळे भोवतालच्या खेड्यांतून गाय वा म्हैस व्याली की पहिल्याच दिवशीचा चीक बाजाराची वाट धरतो. आमच्या मते हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

रोगजंतू शरीरात शिरले म्हणजे रक्तातील काही पांढऱ्या पेशी त्यांना गिळून टाकतात, तर काही त्या त्या जंतूला ओळखून जखडणारी प्रतिद्रव्ये तयार करतात. गाई-म्हशींच्या वारेतून ही प्रतिद्रव्ये गर्भाला मिळत नाहीत. वासरू जन्मते ते जवळजवळ निःशस्त्रच. आईची प्रतिद्रव्ये त्याला मिळतात ती चिकातून. आतड्यातून ती थेट रक्तात शिरतात. परंतु ही वाट तासागणिक अरुंद होत जाते आणि सुमारे २४ तासांत बंद होते. मग कितीही दूध पाजले तरी ती उणीव भरून निघत नाही व वासरू हगवणीसारख्या रोगांना सहज बळी पडते.

म्हणून ‘वार पडेपर्यंत वासराला पाजू नये’ हा समज सोडून दिला पाहिजे. जन्मानंतर दोन तासांच्या आत पहिला चीक पाजावा. पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या एकदशांश, म्हणजे २५ किलोच्या वासरास अडीच लिटर, चीक दोन-तीन वेळा विभागून द्यावा. रोख पैसा कोणी सोडावा, असे कोणी विचारील. तो सोडा असे आमचे म्हणणे नाही. वासराचे पोट भरून जो चीक उरेल, त्याचा खरवस खुशाल करावा.

अर्थात, आईपाशी जे असेल तेच ती देणार. मारलेल्या जंतूंची लस टोचली की शरीर खऱ्या शत्रूशी झुंजण्याआधीच तयार होते. मुंबईत १८९७ च्या जानेवारीत डॉ. हाफकिन यांनी अशीच प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. घटसर्प व फऱ्या या रोगांवरील लशींचेही तत्त्व तेच. उल्हास व बारवी नद्यांच्या खोऱ्यांत पावसाळ्यात रान चिंब होते आणि अशाच दिवसांत हे रोग उचल खातात. प्रतिकारशक्ती येण्यास दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून टोचणी मे महिन्यातच उरकावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील गाभण जनावरांची यादी आतापासूनच करावी आणि व्यायल्याच्या दिवशी त्या गोठ्यात एक फेरी अवश्य मारावी. आज वाचलेली कालवडच उद्याची दुभती गाय होणार आहे.