लाज कशाची धरावी?

मोना हातूम या कलावतीची ‘मेझर्स ऑफ डिस्टन्स’ ही १९८८ सालची, सुमारे पंधरा मिनिटांची व्हिडिओ-कलाकृती आहे. तीत तिची आई स्नान करताना दिसते. त्या छायाचित्रांवर आईच्या पत्रांतील अरबी ओळी जाळीसारख्या पसरल्या आहेत. ‘आईला असे दाखवणे ही का कला?’ असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या ओठी येईल.

बंधुभगिनींनो, हा आक्षेप त्या कृतीतच आहे. या छायाचित्रांवरून वडील कसे रागावले, हे आई पत्रात लिहिते. हे पॅलेस्टिनी कुटुंब मायभूमीला मुकून बैरुतला आलेले. १९७५ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी पेटली, तेव्हा लेक लंडनमध्ये होती. ती तिकडेच अडकली. मायलेकींमध्ये उरली केवळ पत्रे. अखेर आई कळवते की, जवळची टपालकचेरीही बाँबस्फोटात उद्ध्वस्त झाली.

येथे रक्त नाही, प्रेत नाही. ऐकू येते ते मायलेकींचे मोकळे हसणे-बोलणे. युद्धाने नेमके काय हिरावले, ते त्या हसण्यावरून उमगते. आपण मात्र वर्तमानपत्रातील अनोळखी प्रेते चहाच्या घोटाबरोबर न्याहाळतो आणि पान उलटतो. त्याची आपल्याला लाज वाटत नाही! मेलेल्यांचा केवळ आकडा मोजणारी ही नजरच खरी निर्लज्ज होय.

आपल्या वेदीवरील क्रुसावर प्रभूचा देह उघडाच आहे, आणि त्या क्रुसाजवळ त्याची आई उभी होती. त्या देहापुढे गुडघे टेकणाऱ्यांनी या मातेपुढे नजर चोरू नये. तिचे पत्र शेवटपर्यंत ऐकावे.