रक्तदाबाचा हिशेब परिचारिकेच्या हाती द्या

कला शाखेच्या विद्यार्थ्याने रक्तदाबावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. विज्ञान शाखेतील आमच्या मित्रांना तर ही उघड घुसखोरी वाटेल. परंतु ज्या प्रश्नाविषयी मी लिहीत आहे, तो औषधाचा कमी आणि समाजाचा अधिक आहे. अधिकार कोणाकडे असावा, विश्वास कोणावर ठेवावा, गरिबाचा दिवस किती मोलाचा मानावा, हे प्रश्न आपण समाजशास्त्राच्या तासाला चर्चितोच. तेच प्रश्न साकोली तालुक्यातील उपकेंद्राच्या ओसरीवर आपली वाट पाहत उभे आहेत.

उच्च रक्तदाब हा मोठा लबाड विकार आहे. ताप आला की अंग तापते, विंचू चावला की माणूस ओरडतो. पण रक्तदाब १४०/९० च्या वर गेला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. एके दिवशी अर्धांगवायूचा झटका येतो, नाहीतर हृदय वा मूत्रपिंड दगा देते, तेव्हा घरादाराला जाग येते. २०१९ साली जगात ३० ते ७९ वयोगटातील सुमारे १२८ कोटी लोकांना हा विकार होता. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ताच नव्हता आणि साधारण पाचांपैकी एकाचाच दाब आटोक्यात होता, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

माझी आजी या मोठ्या संख्येतील एक. गोळी सुरू होऊन महिना झाला नाही तोच ती म्हणाली, "आता मले काई होत नाई, त मंग गोळी कायले खाऊ?" तिला कोणत्याही ग्रंथाने पटवले नसते. पटवले ते गावच्या नर्सबाईंनी. त्या आजीला नावाने हाक मारतात, लोणच्याची फोड मोजून खायला सांगतात आणि गोळ्यांचे पाकीट उघडून किती उरल्या ते पाहतात. या विकाराचे निदान दोन मिनिटांचे, पण उपचार जन्मभराचा आहे. म्हणून त्याला एकदाच भेटणाऱ्या विद्वानापेक्षा दर महिन्याला भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाची अधिक गरज असते.

आपला भंडारा जिल्हा या बाबतीत मागासलेला नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. पहिल्या टप्प्यातील पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि महाराष्ट्रातील पहिल्या चार जिल्ह्यांत वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग यांच्याबरोबर भंडारा होता. उपक्रमाची सूत्रे साधी आहेत: सर्वांसाठी ठरलेली एकच औषधयोजना, गोळ्यांचा अखंड पुरवठा, घराजवळ उपचार, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि डॉक्टर, परिचारिका व आरोग्यसेविका यांनी वाटून घेतलेले काम. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर या उपक्रमाचा गौरवही झाला.

मग उणीव कोठे आहे? उणीव शेवटच्या पायरीवर आहे. दाब मोजते परिचारिका, नोंद ठेवते परिचारिका, न आलेल्या रुग्णाला निरोप धाडते तीही परिचारिकाच. परंतु पहिली गोळी सुरू करणे किंवा दाब न उतरल्यास मात्रा वाढवणे, हा निर्णय डॉक्टरांचा. पुढची पायरी कागदावर छापलेली असते. अमुक दाबाला अमुक गोळी, एवढेच ते कोष्टक. तरीही रुग्णाला दूरच्या केंद्रात जावे लागते. आता रोवणीचे दिवस डोळ्यांसमोर आणा. बांधीत चिखल झालेला, आकाश भरून आलेले आणि रोवणाऱ्या बाईची मजुरी रोजाने ठरलेली. गोळी अर्धीची पूर्ण करून घेण्यासाठी ती दिवस मोडेल काय? ती जात नाही, आणि दाब आहे तेथेच राहतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे औषध सुरू करण्याचा आणि मात्रा वाढवण्याचा अधिकार प्रशिक्षित परिचारिकेला द्यावा. हे कोणा उतावळ्या विद्यार्थ्याच्या मनचे मांडे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात परिचारिकांसारख्या कर्मचाऱ्यांनी रक्तदाबाचे औषध देण्यास अनुकूलता दर्शविली आहे. अटी चार: योग्य प्रशिक्षण, औषध लिहिण्याचा अधिकार, ठरलेली उपचारपद्धती आणि डॉक्टरांची देखरेख. चीनच्या ग्रामीण भागात ३२६ खेड्यांत असा प्रयोग झाला. तेथील 'ग्रामवैद्य' पूर्ण पदवीधर डॉक्टर नव्हेत. त्यांनी कोष्टकानुसार, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे दिली. १८ महिन्यांनी त्यांच्या खेड्यांतील सुमारे ५७ टक्के रुग्णांचा दाब १३०/८० च्या खाली आला. नेहमीच्या पद्धतीच्या खेड्यांत हे प्रमाण सुमारे २० टक्केच होते. गंमत म्हणजे, डॉक्टर समोर आले की रुग्णाचा दाब भीतीने चढतो आणि परिचारिकेपुढे तो कमी चढतो, हे इटलीतील संशोधकांनी १९८७ सालीच दाखवून दिले होते!

आक्षेप येतील, आणि ते यावेतही. "शहरातल्यांना डॉक्टर आणि खेड्यातल्यांना नर्स, हा कोणता न्याय?" हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पण आज खेड्यातल्या माणसाला डॉक्टर आणि परिचारिका यांतून निवड करायची नसते. परिचारिका की काहीच नाही, एवढीच त्याची निवड असते. शिवाय गरोदर स्त्री, छातीत दुखणारा, मूत्रपिंडाचा रुग्ण किंवा ज्याचा दाब १८०/११० च्या पुढे गेला आहे असा माणूस, हे डॉक्टरांकडेच गेले पाहिजेत. साधे रुग्ण परिचारिकेने सांभाळले, तर अशा अवघड रुग्णांसाठी डॉक्टरांना वेळ मिळेल. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना शिकवून नवजात बालकांचे उपचार त्यांच्या हाती दिले. १९९९ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा अर्भकांचे पहिल्या महिन्यातील मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे जगाने पाहिले.

दुसरा आक्षेप मात्र मी स्वतःच घेतो. साधारणपणे एक उपकेंद्र ५,००० लोकवस्तीसाठी, आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० साठी असते. लसीकरण, बाळंतपणे, साथीचे रोग आणि रजिस्टरांचा ढीग यांखाली तेथील भगिनी आधीच वाकलेली आहे. तिच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवून टाळ्या वाजवणे हा सन्मान नव्हे. अधिकार द्यायचा तर मदतनीस द्या, चालू स्थितीतले यंत्र द्या, गोळ्यांचा साठा संपू देऊ नका, आणि वाढलेल्या जबाबदारीचे वेतन द्या. चूक झाल्यास तिला एकटी पाडणार नाही, अशी कायद्याची हमीही हवी. अधिकाराविना जबाबदारी ही वेठबिगारी होय. आपल्या समाजाने स्त्रीकडून ती पुष्कळ करवून घेतली आहे.

विद्यार्थिमित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, भिंती रंगवतो. यंदा शिबिराच्या गावात ३० वर्षांवरील प्रत्येकाला उपकेंद्रापर्यंत घेऊन जाण्याचे काम आपण का करू नये? पाच मिनिटे शांत बसवून, पाठ टेकवून, न बोलता दाब मोजू द्यावा, एवढे समजावणे आपल्यालाही जमेल. आणि ज्यांची नावे वहीत चढतील, त्यांची पुढची गोळी त्याच ओसरीवर, त्याच बाईंच्या हातून मिळावी, ही मागणी ग्रामसभेत ठरावाच्या रूपाने मांडणे हेही आपलेच काम आहे.