आया सांगत होत्या

मैत्रिणींनो, एक्स-रेच्या खोलीबाहेर एक पाटी असते : ‘आपण गरोदर असाल तर आधी सांगा.’ मागे माझ्या भाचीला घेऊन मी अशाच एका पाटीखाली बसले होते. आतल्या माणसाने दारातूनच, सगळ्या रांगेदेखत विचारलं, “पाळी कधी आली होती?” पोरीने मान खाली घातली. “आत नेऊन विचारा की!” मी म्हटलं. तो वैतागला. घरी आल्यावर ही पाटी आली कुठून, ते मी वाचू लागले.

क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. कातडी भाजते, केस गळतात, एवढं डॉक्टरांना लवकरच दिसलं. म्हणून १९३४ साली आंतरराष्ट्रीय समितीने मर्यादा ठरवली तीही ‘शरीराला सोसेल एवढी मात्रा’ या हिशेबाने. सोसणं हा शब्द आपल्या चांगल्याच ओळखीचा! खरं तर १९२७ सालीच हर्मन मुलर यांनी फळमाश्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की या किरणांनी जनुकं बदलतात आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरतो.

पण पोटातल्या बाळाचं काय? इंग्लंडमध्ये तेव्हा गरोदर बाईच्या पोटाचा एक्स-रे सर्रास काढत. ऑक्सफर्डच्या डॉ. ॲलिस स्टुअर्ट यांनी एक साधी गोष्ट केली. कॅन्सरने मूल गेलेल्या आयांना आणि निरोगी मुलांच्या आयांना त्यांनी सारखेच प्रश्न विचारले. १९५६ साली पहिले निष्कर्ष आले. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या बायका मूल गमावलेल्या आयांमध्ये जवळजवळ दुप्पट होत्या. तज्ज्ञ म्हणाले, दुःखी आईच्या आठवणीवर कसला भरवसा? मग १९६२ साली अमेरिकेत ब्रायन मॅकमहोन यांनी आयांना न विचारता इस्पितळांची दप्तरं तपासली. धोका दुप्पट नाही, पण सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेला निघाला. आया खोटं सांगत नव्हत्या.

आज आपल्याला कळतं की किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो. पेशी तो बहुधा सांधते, पण सांधताना चूक राहिली तर वर्षांनंतर कॅन्सर होऊ शकतो. म्हणून आता नियम ‘सोसेल एवढं’ नसून ‘शक्य तितकं कमी’ असा आहे. तरीही १९७५ साली हिशेबासाठी ठरवलेला ‘प्रमाण मनुष्य’ कोण? २० ते ३० वर्षांचा, ७० किलोचा गोरा पुरुष! बायकामुलांची मापं त्याच्या बरोबरीने मांडायला २००२ साल उजाडलं. आणि २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीच्या अहवालाने सांगितलं, तेवढ्याच मात्रेने बाईला कॅन्सरचा धोका पुरुषापेक्षा जास्त.

मला कुणाला घाबरवायचं नाही. गरज असेल तर एक्स-रे काढावाच. हातापायाच्या किंवा छातीच्या एक्स-रेत बाळापर्यंत फारच थोडे किरण पोचतात. सोनोग्राफीत तर हे किरण नसतातच. गरोदरपणाचं निमित्त करून बाईला उपचार नाकारणं किंवा कामावरून काढणं हाही अन्यायच.

मागणं एवढंच : पाळीचा प्रश्न आडोशाला, शक्यतो बाईनेच विचारावा. तो का विचारला, हे तिला समजेल अशा भाषेत सांगावं. आणि तिने दिलेलं उत्तर खरं मानावं. आपापल्या गावातल्या एक्स-रेच्या खोलीबाहेर काय चालतं, ते बघून या आणि आम्हाला लिहा.