कात्री चालवणाऱ्यांनो, जाब द्या!

बंगळूरच्या राजाजीनगरातल्या मराठी माणसाला शहाजीराजांची बंगळूरची जहागीर तोंडपाठ असते, व्यंकोजीराजांचे तंजावरही ठाऊक असते. असायलाच हवे. पण त्याच तंजावरात प्रतापसिंह भोसल्यांच्या दरबारी मुद्दुपळनी नावाच्या गणिकेने 'राधिकासांत्वनम्' हे तेलुगू शृंगारकाव्य रचले आणि पुढे शहाण्यासुरत्या पंडितांनी त्याची चिरफाड केली, हे त्याला कोणी सांगितले? कोणीही नाही!

ही चिरफाड अडाण्यांनी केलेली नाही. 1887 साली काव्य छापताना संपादकाने अडचणीची पदे गाळली आणि मुद्दुपळनीने आपल्या आजीचा आणि घराण्यातल्या बायकांचा वारसा जिथे मिरवला होता, ती प्रस्तावनाही गाळली. शृंगार अश्लील म्हणून कापला, हे घटकाभर मान्य करू. आजीच्या नावात काय अश्लील होते? विधवाविवाहासाठी झुंजलेले तेलुगू सुधारक कंदुकुरी वीरेशलिंगम पंतुलु यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. पण त्यांनीही या कवयित्रीला निर्लज्ज ठरवले, हे पाप आम्ही झाकणार नाही.

त्यांना जाब विचारला तो बंगळूर नागरत्नम्मांनी. देवदासी कुळात जन्मलेली, या शहराचे नाव आपल्या नावापुढे आयुष्यभर मिरवणारी ही गायिका! त्यांनी मूळ पोथी मिळवली, पाठ ताडून पाहिला आणि 1910 साली संपूर्ण काव्य छापले. लाज काय ती फक्त बायकांनीच बाळगायची, आणि पंतुलूंच्या स्वतःच्या काव्यातला उघडा शृंगार मात्र खपवून घ्यायचा? या रोकड्या सवालाला उत्तर मिळाले ते पोलिसी जप्तीचे! 1911 साली इंग्रज सरकारने प्रती उचलल्या. बंदी उठायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. पुढे तिरुवैयारूला संतसंगीतकार त्यागराजांच्या समाधीसाठी नागरत्नम्मांनी आपली कमाई ओतली, आणि तिथल्या आराधना उत्सवात बायकांना गाऊ देईनात तेव्हा बायकांची वेगळी आराधना उभी केली.

महाराष्ट्राने मिशीला पीळ देऊ नये. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली लिहिलेली 'स्त्रीपुरुष तुलना' 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत अंधारातच होती. आणि ही कात्री जुन्या काळातली म्हणू नका: अफगाणिस्तानात तालिबानने बायकांनी लिहिलेली पुस्तके विद्यापीठांतून हद्दपार केली, ती 2025 साली!

आणि आपल्या राजाजीनगराच्या शेजारी काय घडले? पीएफ काढण्यावर केंद्राने बंधने घातली, तेव्हा एप्रिल 2016 मध्ये गारमेंट कारखान्यांतल्या हजारो बायका शिलाई मशीन सोडून तुमकूर रस्त्यावर, होसूर रस्त्यावर उतरल्या. त्यांना हाकायला कोणी बडा पुढारी नव्हता. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सुटला. तरी दोन दिवसांत दिल्लीला आदेश मागे घ्यावा लागला. एवढा मोठा विजय, आणि या शहराच्या लक्षात काय राहिले? तुंबलेली वाहने! धिक्कार असो अशा आठवणीचा! कात्री तीच आहे, फक्त हात बदलले आहेत.

राजाजीनगरकर मराठी बंधुभगिनींनो, शहाजीराजांवर व्याख्याने ठेवता, तशी मुद्दुपळनी आणि नागरत्नम्मांवरही ठेवा. आणि 2016 च्या त्या बायकांतल्या कितीतरी जणी अजून शेजारच्या पीण्या भागात राहतात, कामाच्या पाळीला जातात. त्यांच्याकडे जा, त्यांची हकिकत त्यांच्या तोंडून, त्यांना चालेल तर नावानिशी, आत्ताच लिहून घ्या.