आमच्या कमाटीबागेत मेपल नाही!

जरा स्पष्ट लिहितोय, राग मानू नका.

माझा नातू शाळेत जात नाही, घरीच शिकतो. नातेवाइकांनी नाकं मुरडली, तेव्हा मी मुलगा-सुनेच्या पाठीशी उभा राहिलो. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथल्या माणसाने शिक्षणातल्या नव्या प्रयोगाला घाबरू नये, असं माझं मत.

पण मागच्या ऑक्टोबरात सूनबाईंनी इंटरनेटवरून एक तक्ता छापून आणला. ‘ऑटम नेचर वॉक’! लाल मेपलचं पान, ओकचं फळ, भोपळा, खार. दिसलं की खूण करायची. कमाटीबागेत दीड तास फिरलो, खूण झाली फक्त खारीची. परतताना पोरगा हिरमुसून म्हणाला, "आजोबा, आपल्याकडे ऑटम येतच नाही का?"

मंडळी, हे मला लागलं. त्या क्षणी आम्ही फुललेल्या सातवीणीखाली उभे होतो. वासाने डोकं भणभणत होतं! पण तक्त्यात सातवीण नव्हती, म्हणून ती त्याला दिसलीच नाही.

बँकेत असताना कर्जदाराचं स्टॉक स्टेटमेंट हातात आलं की आम्ही गोडाऊनवर जाऊन पोती मोजायचो. कागद आणि माल जुळला नाही, तर चूक कागदाची. इथे उलटंच! कागद परदेशचा, आणि चूक ठरली आपल्या बागेची.

आपल्याकडे पानगळ शिशिरात. पळस, साग, पिंपळ उघडे पडतात ते फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. आश्विनात बघायचं ते वेगळंच. पहाटे पारिजातकाचा सडा, त्याच्या केशरी देठाचा रंग बोटांना लावून बघावा. नदीकाठी कास फुललेला. हिवाळ्यासाठी आलेला, शेपटी हलवत धावणारा धोबी पक्षी. आणि दसऱ्याला आपटा म्हणून सर्रास कांचनाची पानं विकतात, ती ओळखणं हाच एक धडा! दोन्ही पानं जोडच, पण आपट्याचं लहान नि जाडसर, कांचनाचं मोठं नि पातळ. आम्ही दसऱ्याला कॉलेजातसुद्धा कांचनच वाटला, हे मला साठीनंतर कळलं. बी.कॉम. झालो म्हणून काय झालं?

कोणी म्हणेल, जगाची ओळख नको का? हवीच. मेपल जरूर शिकवा, पण तिकडचा म्हणून. मुलाच्या स्वतःच्या ऋतूच्या जागी नको. आणि हे फक्त घरी शिकवणाऱ्यांना नाही, शाळांनाही तितकंच लागू.

यंदा नातवाच्या हातात कोरी वही दिलीय. आधी फिरायचं, तक्ता नंतर, तोही त्यानेच करायचा. सूनबाईंनाही पटलंय.

इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादकर मंडळी, तुमच्याकडे आश्विनात काय फुलतं? लिहा. नातवाच्या वहीत जागा आहे.