विमान आपले, इंजिन परक्याचे

नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधलेल्या पहिल्या 'तेजस मार्क-१ ए' विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत आकाशात झेप घेतली. प्रसंग अभिमानाचा होता, यात शंका नाही. मात्र त्या विमानाच्या पोटातील इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे होते. अशा ९९ इंजिनांची मागणी २०२१ मध्ये नोंदवली गेली. त्यांतील पहिले इंजिन हाती पडायला मार्च २०२५ उजाडला. दरम्यान सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ विमाने निवृत्त झाली आणि ४२ स्क्वाड्रन मंजूर असलेल्या हवाई दलाकडे २९ च उरल्या. परदेशातील एका कंपनीचे वेळापत्रक कोलमडले की आपल्या हवाई दलाचेही कोलमडते, हा याचा सरळ अर्थ.

ही वेळ येऊ नये म्हणूनच 'कावेरी' इंजिनाचा प्रकल्प हाती घेण्यात आला होता. १९८९ मध्ये सुमारे ३८३ कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली आणि १९९६ अखेर काम पूर्ण व्हावे असे ठरले. बंगळूरच्या गॅस टर्बाइन रिसर्च एस्टॅब्लिशमेंटकडे ही जबाबदारी होती. प्रत्यक्षात मुदत वारंवार वाढली, खर्च अनेक पटींनी वाढला, इंजिनाचे वजन ठरल्यापेक्षा अधिक भरले आणि अपेक्षित रेटा मिळाला नाही. इकडे खुद्द तेजसचेही वजन वाढत गेले. अखेर २००८ मध्ये कावेरीची तेजसपासून फारकत झाली. आता त्याच इंजिनाचे एक रूप मानवरहित विमानासाठी विकसित केले जात आहे.

यावरून 'आपल्याला जमत नाही' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा ठरेल. त्याच काळातील दुसरा दाखला क्रायोजेनिक इंजिनाचा आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारात तंत्रज्ञान हस्तांतराचा समावेश होता. अमेरिकेच्या दबावामुळे १९९३ मध्ये रशियाने त्यातून अंग काढून घेतले आणि तयार इंजिने तेवढी देऊ केली. 'इस्रो'ने स्वतःचे इंजिन बनवण्याचा निर्णय घेतला. एप्रिल २०१० मधील पहिला प्रयत्न अपयशी ठरला. जानेवारी २०१४ मध्ये मात्र स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनावर जीएसएलव्ही यशस्वीपणे उडाले. २०२३ चे चांद्रयान-३ ही त्याच परंपरेतील पुढच्या इंजिनाच्या बळावर गेले.

दोन्ही प्रकल्पांत शास्त्रज्ञ भारतीयच होते, आणि वेळ दोन्हींना लागला. मग फरक कुठे पडला? विमानाचे इंजिन अधिक अवघड असते, हे प्रथम मान्य करावयास हवे. रॉकेटच्या इंजिनाला काही मिनिटे काम करायचे असते; लढाऊ विमानाच्या इंजिनाला हजारो तास. त्याच्या टर्बाइनची पाती ज्या वायुझोतात फिरतात, त्याचे तापमान पात्यांच्या धातूच्या वितळणबिंदूहूनही अधिक असते. ती पाती एकाच स्फटिकातून घडवण्याची विद्या जगात मोजक्या देशांकडे आहे आणि ती कोणी विकत देत नाही.

पण एवढ्याने सारे स्पष्टीकरण होत नाही. इस्रोजवळ तमिळनाडूत महेंद्रगिरी येथे स्वतःची चाचणी केंद्रे होती. १९७४ च्या फ्रान्सबरोबरच्या करारानुसार तेथे जाऊन काम केलेल्या अभियंत्यांनी आधी 'विकास' इंजिन सिद्ध केले होते, आणि महेंद्रगिरीची उभारणी त्यासाठीच झाली होती. इंजिन बनवायचे, तपासायचे, फुटले तर का फुटले ते शोधायचे आणि पुन्हा बनवायचे, हे चक्र देशातच फिरत होते. विक्रोळीच्या गोदरेजसारखे उद्योग वर्षानुवर्षे तेच सुटे भाग घडवत राहिल्याने कारागिरीही मुरली. कावेरीला मात्र उंचीवरील चाचण्यांसाठी रशियाला जावे लागले. २०१० मधील उड्डाणचाचणीही तेथील इल्युशिन विमानावर झाली. परदेशातील चाचणीसाठी रांगेत उभे राहणाऱ्याला चुका करण्याची मुभा नसते, आणि चुकांखेरीज अभियांत्रिकी संशोधन होत नाही.

दुसरा फरक ग्राहकाचा. इस्रो स्वतःच निर्माता आणि स्वतःच ग्राहक होती. अपुरे इंजिनही सुधारून घेणे तिच्या हिताचे होते. हवाई दलाला मात्र आज लढू शकणारे विमान हवे होते, आणि ती अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. १९६१ मध्ये प्रथम उडालेल्या 'मारुत' विमानालाही योग्य इंजिन मिळाले नव्हते. तो धडा घेऊन इंजिनाचे संशोधन एखाद्या विमानाच्या वेळापत्रकापासून स्वतंत्र ठेवायला हवे होते. ते झाले नाही.

आता पैशाची चर्चा जोरात आहे. भारताचा संशोधनावरील खर्च सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के आहे. चीनचा अडीच टक्क्यांच्या आसपास, तर दक्षिण कोरियाचा पाच टक्क्यांच्या घरात. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानसाठी पाच वर्षांत ५० हजार कोटींचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्यातील मोठा वाटा सरकारबाहेरून येणे अपेक्षित आहे. जुलै २०२५ मध्ये खासगी संशोधनाला स्वस्त भांडवल पुरवणारी एक लाख कोटींची योजनाही मंजूर झाली. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु कर्जाऊ पैसा फळाजवळ आलेल्या कल्पनांकडे वळतो. वीस वर्षे तोटा सोसणाऱ्या चाचणी केंद्राकडे तो सहसा फिरकत नाही. तो भार सरकारलाच उचलावा लागेल.

प्रश्न माणसांचाही आहे. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये आयआयटींमधून दरवर्षी दहा हजार पीएच.डी. घडवण्याचे लक्ष्य सुचवले होते. पण २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला मिळणारी छात्रवृत्ती ३७ हजार रुपये आहे, आणि तीही वेळेवर मिळावी म्हणून विद्यार्थ्यांना वारंवार आवाज उठवावा लागतो. जनरल इलेक्ट्रिकचे संशोधन केंद्र २००० पासून बंगळूरमध्येच आहे आणि भारतीय अभियंते तेथे उत्तम काम करतात. उणीव बुद्धीची नाही. त्या बुद्धीला देशाच्या कामावर टिकवून धरणाऱ्या व्यवस्थेची आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या 'साफ्रां' कंपनीसमवेत नव्या लढाऊ विमानाचे इंजिन विकसित करण्याचा मनोदय संरक्षणमंत्र्यांनी जाहीर केला. या वाटाघाटींत किती टक्के तंत्रज्ञान मिळणार, हा आकडा फार गाजेल. पण सुटा भाग कसा बनवायचा हे सांगणारे नकाशे मिळणे वेगळे आणि तो तसाच का बनवायचा हे कळणे वेगळे. आराखड्याचे अधिकार, भारतात उभी राहणारी चाचणी केंद्रे आणि पहिल्या रेघेपासून सहभागी असलेले तरुण भारतीय अभियंते, या तीन गोष्टी करारात आहेत की नाहीत, एवढेच पाहावे. त्या नसतील, तर आणखी वीस वर्षांनी ओझरच्या धावपट्टीवर नवे विमान उभे असेल आणि इंजिनाची वाट पाहत असेल.