डीजेची सुपारी आणि गावाचा ठराव

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे तिथ्यांची गर्दी सुरू होते आणि तिच्याबरोबर डीजेच्या गाड्यांचीही. डॉल्बी हे खरं तर परदेशातल्या एका कंपनीचं नाव. पण सातारा, सांगली, कोल्हापूरकडे आजही लोक 'डॉल्बी लावली' असंच म्हणतात. नाव काहीही घ्या, हल्ली अनेक ग्रामसभांत हा विषय निघतो. कुठे पूर्ण बंदीचा ठराव होतो, तर कुठे तरुण पोरं आणि वडीलधारी मंडळी यांच्यात वादावादी होऊन सभा उठते. म्हणून लग्नघर आणि गावकारभारी, दोघांनीही थोडं बसून विचार करावा असं हे प्रकरण आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम 2000 सालचे आहेत. त्यांनुसार लाउडस्पीकर लावायला लेखी परवानगी लागते. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर वाजवायला बंदी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली ती कायम केली. सणावारासाठी वर्षातले मोजके दिवस रात्री 12 पर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. पण ती सूट सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी, तुमच्या घरच्या वरातीसाठी नव्हे. राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्याभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ती 50 आणि 40. आता हा डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही, हे लक्षात घ्या. आकडा दहाने वाढला की आवाजाची ताकद दहापट होते. चार बेस आणि चार टॉप लावलेली गाडी गल्लीत शंभराच्या पुढे सहज जाते. म्हणजे आपण थोडं नव्हे, हजारोपटींनी जास्त वाजवतो.

त्याचा मार कोणाला बसतो ते सांगायची गरज नाही. बाळंतीण, हृदयविकाराचा म्हातारा, दहावी-बारावीच्या परीक्षेला बसलेलं पोर. फेब्रुवारी-मार्चमध्ये लग्नंही असतात आणि परीक्षाही. शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असायला हवी. रस्त्याकडेला पोल्ट्रीचं शेड असेल, तर अचानक आलेल्या धडधडीने पक्षी घाबरून एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचे गुदमरून मरतात. भेदरलेली गाय धारेच्या वेळी पान्हा चोरते. एकाची हौस दुसऱ्याच्या दुधाच्या पगारावर येते ती अशी.

तरीही तुम्हाला डीजे हवाच असेल, तर तो नीट ठरवा. 'मागच्या लग्नात दणकून वाजवला होता' एवढ्यावर सुपारी देऊ नका. मोठ्या तिथीला एकच मालक दोन-तीन सुपाऱ्या घेतो आणि तुमच्याकडे भलतीच गाडी, नवशिका ऑपरेटर पाठवतो. म्हणून साध्या कागदावर का होईना, लिहून घ्या: कोणता सेट, बेस किती, टॉप किती, ऑपरेटर कोण, किती वाजता येणार, तास कधीपासून मोजायचे, जनरेटरचं डिझेल कोणाचं, पाऊस आला तर पैशाचं काय. इसार थोडाच द्या आणि बाकी रक्कम वाजवून झाल्यावर. आकडा टाकून वीज घ्यायची तर गोष्टच काढू नका. वीज कायदा 2003 प्रमाणे ती चोरी आहे, शिवाय ओल्या मांडवात जिवावरची. गाडीवर रचलेले बॉक्स गावातल्या लोंबत्या तारांना लागतील का, हे आदल्या दिवशी मार्गावरून फिरून बघा. ट्रॅक्टर-ट्रॉली शेतीकामासाठी नोंदलेली असते. तिच्यावर सेट चढवून, वर पोरं नाचवून अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. लेसरचा झोत डोळ्यात गेला तर पडदा जळू शकतो. ते दिवे नकोत म्हणून आधीच सांगा.

कार्यालयात किंवा लॉनवर स्वागत समारंभ असेल, तर दोन टॉप आणि दोन बेस पुरेसे होतात, चांगला माइक मात्र पाहिजे. मी अशी लग्नं पाहिली आहेत की बेसने खुर्च्या हादरतायत आणि मंगलाष्टका भटजींनाच ऐकू येतायत! स्पीकर जेवणाच्या पंगतीकडे तोंड करून ठेवू नका.

ऑपरेटरला गाणी सांगणारा माणूस एकच नेमा. शक्यतो मुलाचा मामा किंवा असाच कोणी, शुद्धीवर राहणारा. भांडणं बहुतेक वेळा आवाजावरून होतच नाहीत. कोणाच्या दारात, कोणत्या देवळासमोर, कोणतं गाणं वाजवलं यावरून होतात. दहा पोरं दहा फर्माइशी करतात, एखादं गाणं मुद्दाम कोणाला डिवचायला लावलं जातं आणि नवरदेव घोड्यावर राहून गाव पोलीस ठाण्यात पोचतं. परवानगीचा अर्ज तुमच्या नावाचा, तेव्हा जबाबही तुम्हालाच द्यावा लागेल. वरात कुठे थांबणार, कुठे न वाजवता पुढे जाणार, हे पोलीस पाटलांना सांगून ठेवा.

आता ठरावाबद्दल. सरपंच, पोलीस पाटील मंडळींनी एक पथ्य पाळावं. आवाजाबाबत कारवाईचा अधिकार नियमांनी नेमलेल्या प्राधिकाऱ्याला, म्हणजे व्यवहारात पोलिसांना आहे. ग्रामसभेचा ठराव हा गावाचा शब्द आहे. त्याचं वजन मोठं, पण तो कोर्टाचा हुकूम नव्हे. 'डीजे लावला तर त्या घरी कोणी जेवायला जायचं नाही' असं गावकीने ठरवलं, तर गाव स्वतःच गुन्ह्यात अडकेल. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा राज्याचा कायदा अशाच प्रकारांसाठी आहे. शिवाय ठराव करताना एकाच वस्तीची वरात अडवायची आणि पुढाऱ्याच्या पोराच्या लग्नाला रात्री बारापर्यंत कानाडोळा करायचा, असं झालं तर तो ठराव चार दिवसही टिकणार नाही. टिकतो तो असा: सगळ्यांना एकच वेळ, एकच मार्ग, परीक्षेच्या दिवसांत कोणालाच नाही. आणि पहिली अंमलबजावणी सरपंचाच्या घरच्या लग्नापासून.

हलगी, संबळ, सनई वाजवणारी माणसं अजून आपल्या तालुक्यात आहेत. ग्रामसभेत बंदीचा विषय घेताना त्यांना बोलावून त्यांचा दर काय, माणसं किती येतात, हे सगळ्यांसमोर विचारून घ्या. येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर हाही विषय ठेवता येईल.